अंगण चालते व्हावे

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांची वाट धरतात. चौसाळ्यासारख्या गावातील अंगणवाडीच्या वार्षिक नियोजनाची खरी परीक्षा तेव्हाच सुरू होते. मूल गळीत हंगामभर कोपीवर असेल, तर भिंतीवरच्या वेळापत्रकाचे मोल काय?

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. वस्तीवरील मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, खडे, पाने, बिया हीच साधने झाली. मूल आज कशात रमले, कोठे अडले, हे पाहून उद्याचा पाठ ठरवावा, हे बालशिक्षणाचे मर्म होय.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, हे योग्यच झाले. परंतु सेविकेने केलेली मुलाची नोंद त्याच्यासमवेत फडावर जाईल आणि हंगामानंतर भर पडून परतेल, तरच नियोजनाला अर्थ आहे. शासन आपले काम करील. कारखान्याच्या गावातील सुशिक्षित कुटुंबांनीही कोपीवरील मुलांसाठी रोज एक तास द्यावा. ताराबाईंचे खरे स्मरण तेच ठरेल.