लायसन्स निघाले, शिकणे आता सुरू

आपल्या वस्तीत आता घरापुढे मोटारसायकल उभी असणे नवलाचे राहिलेले नाही. आजोबा पायी कामावर गेले, वडील सायकलवर गेले, मुलाने हप्त्यावर गाडी घेतली. टाकीवर निळ्या अक्षरांत ‘जयभीम’ लिहून घेतले, आरटीओत आठचा आकडा काढून दाखवला, पक्के लायसन्स आले आणि घरात पेढे वाटले गेले. आनंद रास्तच आहे. परंतु त्या आठच्या आकड्याने सिद्ध काय झाले? रिकाम्या जागेत, हळू वेगात, पाय न टेकता मुलगा गाडी वळवू शकतो, एवढेच. ट्रकशेजारून कसे जावे, बहिणीला मागे बसवून खड्डा कसा चुकवावा, हे तिथे कोणी विचारत नाही. बाबासाहेबांचा ‘शिका’ हा शब्द आपण शाळा-कॉलेजापुरता ठेवला आहे. रस्त्याला मात्र तो लावत नाही.

पहिला धडा ब्रेकचा. सायकलवर वाढलेल्या मुलाला पुढच्या ब्रेकची धास्ती असते. पुढचा दाबला की उलटून पडू, असे त्याच्या मनात पक्के बसलेले असते, म्हणून तो सगळी भिस्त पायाच्या ब्रेकवर ठेवतो. वास्तविक ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे येते, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि मागचा हलका होऊन घसरू लागतो. गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करतो. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकदम लावायचे. पुढचा झटक्याने नव्हे, लिंबू पिळावे तसा वाढवत दाबायचा. रविवारी सकाळी मोकळ्या डांबरी रस्त्यावर खडूने रेघ मारावी आणि आधी 20, मग 30, मग 40 च्या वेगाने येऊन रेघेपासून किती अंतरावर गाडी थांबते ते पावलांनी मोजावे. चार रविवार हे केले तर हात आपोआप शिकतो.

यात हिशेबही आहे. 40 च्या वेगाला गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते, 60 ला जवळजवळ 17 मीटर. समोर म्हैस आडवी आली हे ध्यानात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर तर जातोच. त्यानंतरचे अंतर आणखी फसवे आहे. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यानंतर लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते.

पहिला महिनाभर एकट्याने, दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्याने जावे. मग गर्दीच्या वेळी बाजारपेठेतून. पावसाच्या पहिल्या सरी पडतात तेव्हा रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडे होते; झेब्राचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे आणि रेल्वे फाटकातले रूळ यांवर ब्रेकही नको आणि गाडी तिरकीही नको. रात्रीचा प्रवास सर्वांत शेवटी शिकावा. ऊसपट्ट्यातल्या बांधवांना सांगायला नको, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अंगावर येते तेव्हाच दिसते. आपल्या दिव्याचा उजेड पोचेल तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, इतकाच वेग ठेवावा. पाचवे शील तर इथे कायद्याइतकेच लागू आहे.

मागे माणूस बसवण्याची घाई आपल्याकडे फार. दुसऱ्याच दिवशी आईला दवाखान्यात न्यायचे असते. मागे वजन आले की गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि वळणावर जड जाते. मागच्या टायरची हवाही वाढवावी लागते; किती, ते चेनच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते. दिसायला बरे वाटत नाही म्हणून काही मुले साडीगार्ड काढून टाकतात. ज्या गाडीवर आई, बहीण, बायको बसणार तिचे साडीगार्ड काढणे याला मी तरुणपणाची हौस म्हणणार नाही, बेपर्वाई म्हणेन. ओढणी चाकात जायला क्षण पुरतो. लहान मुलाला टाकीवर बसवणेही तसेच. 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी पट्ट्याने बांधावे, त्याला हेल्मेट घालावे आणि वेग 40 च्या पुढे नेऊ नये, असा नियम 2023 पासून लागू आहे.

आता कागद. सप्टेंबर 2018 पासून नव्या गाडीबरोबर 5 वर्षांचा विमा येतो. तो थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई देणारा. आपल्या गाडीच्या मोडतोडीचा विमा वेगळा असतो आणि त्याची मुदत तपासावी लागते. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमाही असतो, पण तो ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे त्याच्यासाठी. कर्ज मिळावे म्हणून गाडी वडिलांच्या नावावर आणि रोज चालवतो मुलगा, असे आपल्या कितीतरी घरांत आहे. अशा घरात मुलासाठी तो विमा नसतो. एजंट हे आपण होऊन सांगेलच असे नाही. पॉलिसी घेताना चालवणाऱ्याच्या अपघात विम्याचे काय, हे नाव घेऊन विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

शेवटचे सांगणे मंडळांच्या कार्यकर्त्यांना. 14 एप्रिलच्या रॅलीत एका गाडीवर तिघे, डोक्यावर हेल्मेटऐवजी निळी पट्टी आणि एका हातात झेंडा, हे दृश्य दरवर्षी दिसते. त्यात कालच लायसन्स मिळालेली पोरेही असतात. आपल्या गर्दीत हॉर्न, धूर, अचानक थांबणारी पुढची गाडी, सगळे एकाच वेळी असते. नवख्याला याहून अवघड रस्ता नाही. पहिल्या वर्षाच्या चालकांना रॅलीत पायी चालणाऱ्यांसोबत ठेवावे. 1 जानेवारीला भीमा कोरेगावला, 6 डिसेंबरला चैत्यभूमीला त्यांनी एस.टी.ने किंवा रेल्वेने जावे. आणि मंडळाच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करून आयएसआय शिक्क्याची चार हेल्मेटे घेता येतात का, हे येत्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्यावे. मागे बसणाऱ्यासाठी हेल्मेट कोणाच्याच घरी नसते.