आयटीआय निवडताना झूल बघू नका, चालू लेथ मोजा



रानातली नोंद आज थोडक्यात. सोयाबीन दोन पानांवर आलंय, उगवण चांगली आहे. उसाची मोठी भरणी उरकली. आता मुद्द्याचं.

दहावीचे निकाल लागले की दरवर्षी आपल्या भागात एकच चर्चा चालते, पोराला कुठं घालायचं. दोन-अडीच एकरात दोन भावांचं भागत नाही, हे आता सांगायला लागत नाही. त्यामुळं घरातलं एक पोरगं आयटीआयला जातं. टर्नर, मशीनिस्ट, फिटर यातलं काहीतरी मिळतं. पण ती आयटीआय आपण निवडतो कशी? एसटी कुठली जवळची, मित्र कुठं चाललाय आणि इमारत कशी आहे, एवढ्यावर. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, झूल बघून पैसे मोजत नाही. पोराची दोन वर्षं मात्र झूल बघून देतो.

माझं मत सरळ आहे. मशीनचं काम शिकायचं असेल तर एकच हिशेब आधी करा. एका चालू मशीनमागं किती पोरं?

वीस पोरांची तुकडी धरा. प्रात्यक्षिकाचे दिवसाचे चार तास धरा. चालू लेथ दोनच असतील तर एका लेथवर दहा पोरं, म्हणजे एकाच्या हाताला दिवसाला चोवीस मिनिटं. दहा लेथ चालू असतील तर प्रत्येकाला दोन तास. दोन वर्षांत हा फरक केवढा होतो, तो तुम्हीच मोजा. वहीत लिहून हात बसत नाही. नांगर धरल्याशिवाय तास सरळ येत नाही, तसंच हे.

यंदा पुतण्यासाठी मी दोन ठिकाणी जाऊन आलो. पहिलं खासगी, जवळचं. चकचकीत फरशी, भिंतीवर मोठमोठे फोटो. वर्कशॉप बघायचंय म्हटल्यावर किल्ली शोधायला वीस मिनिटं गेली. आत लेथ होते, पण बेडवर धूळ, खाली लोखंडाच्या किसाचा एक तुकडा नाही. वर ऐकायला मिळालं, "हजेरीचं टेन्शन घेऊ नका, आम्ही बघतो." फी ऐकली आणि मी मनातल्या मनात उसाचा हिशेब केला. दुसरं सरकारी, लांबचं. रंग उडालेला, मशीन जुनी. पण आत शिरल्याबरोबर कूलंटचा वास आला, लेथखाली कीस पडलेला, पोरांचे हात काळे. शिल्प निदेशक एका पोराला मायक्रोमीटर धरायला शिकवत होते. पुतण्याच्या पसंतीक्रमात हे पहिलं टाकलंय.

याचा अर्थ सगळं सरकारी चांगलं आणि खासगी वाईट, असा काढू नका. काही खासगी संस्था मनापासून शिकवतात. काही सरकारी ठिकाणी मशीन आहेत आणि निदेशकाची जागा रिकामी आहे. म्हणून तर म्हणतो, स्वतः जाऊन बघा. कामाच्या दिवशी, सकाळी, न सांगता जा.

गेल्यावर हे विचारा.

१. ट्रेडला संलग्नता आहे का? ती संस्थेला सरसकट नसते, प्रत्येक ट्रेडला आणि तुकडीला वेगळी असते. बाहेरच्या पाटीवर जाऊ नका, आपल्या ट्रेडचा कागद बघा.

२. टर्नर की मशीनिस्ट? दोन्ही दोन वर्षांचे. टर्नरचा भर लेथवर, गोल कामावर. मशीनिस्टला लेथ येतोच, शिवाय मिलिंग, शेपिंग, ग्राइंडिंग येतं. गावात स्वतःचं लेथचं दुकान टाकायचं असेल तर टर्नर चालतो, कंपनीत जायचं असेल तर मशीनिस्टचा पाया रुंद.

३. मागच्या वर्षीची पोरं अप्रेंटिसशिपला कुठं लागली? अप्रेंटिसचा कायदा 1961 पासून आहे. संस्थेला दोन-चार कारखान्यांची नावं सांगता येत नसतील तर समजून घ्या. जमलं तर त्यातल्या एका पोराला भेटा.

४. हजेरी कशी घेतात? परीक्षेला बसायला ऐंशी टक्के हजेरी लागते. जो "बघून घेतो" म्हणतो, तो पोराचं शिकणंच विकतोय.

"आता सगळं सीएनसी झालंय, जुना लेथ शिकून काय करायचं?" असं बरेच जण विचारतात. सीएनसी शिकायलाच पाहिजे. पण नुसतं बटण दाबणारा ऑपरेटर कंपनीला कुठंही मिळतो. सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात आणि पोरगं परत पारावर. अशी पोरं प्रत्येक गावात आहेत. सेटिंग करणारा, ड्रॉइंग वाचणारा, टूल का तुटलं ते सांगणारा माणूस कंपनी सहजासहजी सोडत नाही. ती समज हातानं लेथ फिरवूनच येते.

शेतीवाल्यांना हे जास्त कळायला पाहिजे. 6208 बेअरिंगचा आतला व्यास 40 मिलीमीटर. शाफ्टची सीट पाच शतांश मिलीमीटर जरी कमी झाली तरी बेअरिंग शाफ्टवर फिरायला लागतं आणि ऐन पाण्याच्या पाळीत मोटार बंद. ते पाच शतांश ओळखणारा कारागीर गावात असला तर किती दिवस वाचतात! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानात माळावर कारखाना उभा केला तोही लोखंडी नांगरासाठीच. शेत आणि लेथ यांचं नातं आपल्या भागात जुनं आहे.

अजून एक. दहावी आणि दोन वर्षांची आयटीआय झाली की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. "आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं" असं पोराला घरात कुणी म्हणू नका. आणि पोरगी म्हणाली मला मशीनिस्ट व्हायचंय, तर तिलाही याच कसोटीवर संस्था शोधून द्या.

बियाण्याच्या पिशवीवरचं चित्र बघून आपण पेरत नाही, ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासतो. पसंतीक्रम भरायच्या आधी एक दिवस मोडा आणि वर्कशॉपमध्ये उभं राहून चालू लेथ मोजा.

पुढच्या नोंदीत सोयाबीनच्या कोळपणीचं लिहितो.