विश्लेषण : २० डॉलरचे नाणे, किंमत १ कोटी ८९ लाख डॉलर!

जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या सोदबीज लिलावात एक सोन्याचे नाणे १ कोटी ८९ लाख डॉलरला विकले गेले. त्यात सोने म्हणाल तर जेमतेम ३० ग्रॅम, आपल्या सराफी हिशेबाने तीन तोळे. ‘डबल ईगल’ नावाच्या या नाण्याची दर्शनी किंमत २० डॉलर.

नाणे इतके देखणे कसे?

अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना आपल्या देशाची नाणी कुरूप वाटत. त्यांनी शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांना गळ घातली. एका बाजूला मशाल आणि ऑलिव्हची फांदी घेऊन चालत येणारी स्वातंत्र्यदेवता, दुसऱ्या बाजूला सूर्यावरून झेपावणारा गरुड. नक्षी इतकी उठावदार की, पहिल्या नमुन्यांना यंत्राचे नऊपर्यंत ठोके द्यावे लागले. शिवाय नाण्यांची चळतही नीट लागेना. बँकांना तीच तर हवी असते. १९०७ च्या ऑगस्टमध्ये सेंट-गॉडन्स वारले. टांकसाळीतील चार्ल्स बार्बर यांनी उठाव कमी केला, तेव्हा कुठे नाणे मोठ्या संख्येने पाडता आले.

मग १९३३ चेच का महाग?

त्या वर्षी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी लोकांना सोने सरकारजमा करायला लावले. टांकसाळीने मात्र ४,४५,५०० डबल ईगल पाडली होती. ती चलनात आलीच नाहीत. दोन स्मिथसोनियन संग्रहालयाला देऊन बाकीची वितळवायची ठरले. तरी काही बाहेर गेलीच. एक इजिप्तचे राजे फारुक यांच्याकडे पोहोचले आणि १९४४ मध्ये त्याला चक्क अमेरिकी अर्थखात्यानेच निर्यात परवाना दिला.

हा परवाना पुढे कळीचा ठरला. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलात सापळा रचून जप्त केलेले नाणे फारुक यांचेच मानले गेले आणि तडजोडीनंतर २००२ मध्ये त्याचा लिलाव झाला. किंमत ७५ लाख ९० हजार २० डॉलर. वरचे २० कशाचे? कधीच चलनात न आलेल्या धातूच्या चकतीला अधिकृत पैसा करण्याचे! २०२१ मध्ये विकले गेले ते हेच नाणे.

फिलाडेल्फियातील एका कुटुंबाला मात्र असे नशीब लाभले नाही. तिजोरीत सापडलेली दहा नाणी त्यांनी खरी-खोटी पाहण्यासाठी टांकसाळीला दिली. ती परत मिळालीच नाहीत. चोरीचा माल कितीही जुना झाला तरी मूळ मालकाचाच, हा सरकारी युक्तिवाद कायद्यात बसतो. पण राजाच्या नाण्याला सरकारच्याच चुकीचा लाभ मिळावा आणि स्वतःहून पुढे आलेल्यांचे सारे जावे, हे खटकतेच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील ऐकायला नकार दिला.