दुखत नाही ना, मग राहू दे

ऑक्टोबर आला की सगळं गुलाबी होतं. फिती, टी-शर्ट आणि 'बायांनो, जागरूक व्हा' सांगणारी रील्स. मला या 'जागरूक व्हा'चा राग येतो. बाई उशिरा पोचली, कारण तिला कळलंच नाही, असं त्यात धरून चाललेलं असतं.

कळलेलं असतं हो. अंघोळ करताना हाताला गाठ लागलेली असते. पण आपल्या घरांत बाईचं आजारपण खरं कधी मानतात? ती आडवी पडली की. पोळ्या लाटता येतायत तोवर ती बरीच असते. आणि ही गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही! म्हणजे उपचार सगळ्यात सोपे असतात तेव्हाच तिच्याकडे दवाखान्यात जायला 'कारण' नसतं. मग सोयाबीन निघू दे, भाचीचं लग्न होऊ दे, पोराची दहावी होऊ दे. मोटारसायकलची सर्व्हिसिंग न चुकवणाऱ्या घरांत हे चालतं.

बरं, गेली तरी काय? माझ्या मावशीला गावातल्या डॉक्टरांनी न तपासताच 'दुधाची गाठ असेल' म्हणून गोळ्या दिल्या. मावशी तेव्हा बावन्न वर्षांची. पुढे तिच्या फाइलवर लिहिलं गेलं, 'रुग्ण उशिरा आली.'

टाटा मेमोरियलने १९९८पासून मुंबईतल्या सुमारे दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या जणींना सुरुवातीला एकदा माहिती दिली. उरलेल्यांना माहिती तर दिलीच, शिवाय प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा त्यांची तपासणी केली. नुसत्या हातांनी, मॅमोग्राफीशिवाय. २०२१मध्ये निष्कर्ष छापून आले: तपासलेल्या गटात कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडले आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तपासायला कुणी आलं की बाईला 'कारण' शोधावं लागत नाही, एवढी साधी गोष्ट आहे ही.

आणि देशात काय चाललंय? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी अशी तपासणी एकदा तरी झालेल्या एक टक्कासुद्धा नाहीत.

तेव्हा फिती पुरे. उपकेंद्रातल्या नर्सबाईंना हे शिकवा, त्याचे पैसे द्या. बायोप्सी तालुक्यालाच होऊ दे, त्यासाठी परळ गाठायला लावू नका. आणि रील फॉरवर्ड करणाऱ्या मित्रा, आईची अपॉइंटमेंट तू घे. सोबत जा. त्या दिवशीचा स्वयंपाकही तूच कर.