अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं

'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण आपण नाचणाऱ्यांपेक्षा कारागिरांनाच जास्त ऐकवतो. पेचाचं डोकं झिजलं, वायर सोलताना तांब्याच्या दोन तारा तुटल्या, नटाच्या कडा गोल झाल्या, की उस्ताद म्हणतो, "हत्याराला नावं ठेवू नकोस, आधी हात बसव." उस्तादाचं निम्मं खरं आहे. पण अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं, आणि ते ओळखायला माणूस आधी एकदा तरी सपाट अंगणात नाचलेला लागतो. नवशिक्या पोराच्या वाट्याला ते सपाट अंगण येतच नाही.

माझं भांडण एका सल्ल्याशी आहे. "आत्ता शिकतोयस ना, मग स्वस्तातलं घे. हात बसला की चांगलं घेऊ." हा सल्ला काका देतात, शेजारी देतात, ज्यांनी आयुष्यात पक्कड फक्त गॅसवरचं पातेलं उतरवायला धरली तेही देतात. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण तो उलटा आहे. मुरलेला वायरमन भिकार पेचकसानेही काम काढतो, कारण टोक कुठे सटकणार हे त्याच्या मनगटाला ठाऊक असतं. चांगल्या हत्याराची खरी गरज आहे ती ज्याच्या मनगटाला अजून काहीच ठाऊक नाही त्याला.

मी पोटासाठी कोड लिहितो, म्हणून माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या पोराला असा कम्पायलर दिला, जो बरोबर लिहिलेला कोडही दहातून तीनदा चुकीचा ठरवतो, तर काय होईल? ते पोर शिकणार नाही. आपल्याला डोकं नाही एवढंच ते शिकेल. शिकणं म्हणजे चूक कुठे झाली ते कळणं. हत्यारच खोटं बोलत असेल तर चूक हाताची की लोखंडाची, हे नवशिक्याला कधीच कळत नाही. तो दोष स्वतःच्या नावावर लिहून घेतो, आणि दोन वर्षांनी आपण म्हणतो, "पोरगं टिकलं नाही कामावर."

हे हवेत नको, म्हणून एका पेचापाशी थांबू. वरवर सगळ्या फुल्या सारख्या दिसतात, पण फिलिप्सची फुली वेगळी आणि पॉझीड्राइव्हची वेगळी. पॉझीड्राइव्हच्या पेचावर मुख्य फुलीच्या मधोमध चार बारीक रेघा असतात. घरातल्या पुष्कळ एमसीबींच्या टर्मिनलवर याच जातीचे, किंवा फुली आणि चीर एकत्र असलेले पेच असतात. त्यात मऊ लोखंडाचं, साच्यातून कसंबसं निघालेलं फिलिप्सचं टोक घातलं, की पेच पूर्ण आवळण्याआधीच टोक उसळून बाहेर येतं. दोनदा उसळलं की खाच झिजते. मग पेच घट्टही होत नाही आणि निघतही नाही. ॲप्रेंटिसला वाटतं, झाला घट्ट. प्रत्यक्षात वायर सैल राहते, सैल सांध्याचा रोध वाढतो, तिथे उष्णता साठते. गीझर लागला की तो सांधा तापतो, बंद केला की निवतो, आणि प्रत्येक फेरीत आणखी सैल होतो. काही महिन्यांनी काळं पडलेलं टर्मिनल आणि जळक्या प्लास्टिकचा वास. ठपका कोणावर? "नवीन पोराने केलं होतं काम."

पकडीचंही तेच. वाईट पकडीचे जबडे मिटले तरी कापणाऱ्या धारांमध्ये फट राहते. वायर कापली जात नाही, चेपली जाते. मग पोर ती हिसकतं, वाकवतं, पिळतं. मधल्या रिव्हेटला खेळ असेल तर जबडे एकमेकांना तिरके बसतात. हे बघायला इंजिनिअर लागत नाही. दुकानातच पक्कड मिटून उजेडासमोर धरा, धारांमधून उजेड येतो का पहा. दोन्ही दांडे आडवे हलवून पहा. खिशात वायरीचा तुकडा न्या आणि तिथल्या तिथे कापा. स्वच्छ तुटला तर घ्या. दुकानदार कापू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

टेस्टरची गोष्ट आणखी गंभीर. त्यात निऑनचा इवलासा दिवा आणि मोठ्या रोधाचा एक रेझिस्टर असतो. आपण मागच्या टोपीला बोट लावतो, तेव्हा आपलं शरीर त्या सर्किटचा भाग होतं. रेझिस्टर प्रवाह इतका कमी ठेवतो की आपल्याला तो जाणवत नाही. म्हणजे २३० व्होल्ट आणि पोराच्या बोटाच्या मध्ये तेवढा एक तुकडा उभा असतो. तिथे दहा-पंधरा रुपये वाचवायचे? आणि टेस्टर चांगला असला तरी एकट्यावर विसंबायचं नसतं. लाकडी शिडीवर रबरी चपला घालून उभं राहिलं तर दिवा मिणमिणतो, उन्हात तर दिसतही नाही. म्हणून आधी चालू असलेल्या सॉकेटवर टेस्टर पेटतो का पहायचं, मग कामाच्या जागी लावायचा, आणि 'सप्लाय नाही' असं त्याने सांगितलं तरी पुन्हा एकदा चालू सॉकेटवर तपासायचं. हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं. तसंच हेही, की पकडीच्या दांड्यावरची रंगीत रबरी खोळ म्हणजे इन्सुलेशन नव्हे, ती फक्त पकड यावी म्हणून असते. चालू लाइनजवळच्या कामाची हत्यारं वेगळी. त्यांच्यावर १००० व्होल्टचा आकडा आणि एकात एक दोन त्रिकोणांची खूण असते, आणि आयईसी ६०९०० हे त्यांचं मानक. खूण कुणीही छापू शकतो, त्यामुळे ही वस्तू ओळखीच्या दुकानातून, बिलावर, नावाजलेल्या कंपनीचीच घ्यावी.

आता पैशांचं. माझा मावसभाऊ इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करून एका कंत्राटदाराकडे ॲप्रेंटिस लागला. पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, हत्यारं आपापली आणायची. दोन वर्षं ज्या हत्यारांवर तो शिकला ती संस्थेची होती, ती कपाटातच राहिली. त्याच्या हातात आलं प्रमाणपत्र. २०१९ च्या दुरुस्तीत आयटीआयवाल्या ॲप्रेंटिसचं किमान विद्यावेतन ७,००० रुपये महिना ठरलं. त्यातून खोलीचं भाडं, डबा आणि बस काढा, मग पक्कड घ्या.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच लिंका आल्या. छेचाळीस पीसचा सेट, एकशे आठ पीसचा सेट, सोबत प्लास्टिकची पेटी, किंमत ७९९, 'गिफ्टसाठी उत्तम'. या सेटवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. एकशे आठमधले नव्वद पीस म्हणजे बिट आणि सॉकेट, ते या कामात कधी लागणार नाहीत. उरलेल्या अठरापैकी रोज लागणारी पाच-सहा हत्यारं त्या पेटीतली सगळ्यात हलकी. आकडा मोठा दाखवायचा आणि पोलाद कमी द्यायचं, हा तो धंदा आहे.

आम्ही बोहरी आळीत गेलो आणि एकेक हत्यार हातात घेऊन निवडलं. आठ इंची पक्कड, लांब नाकाची पक्कड, वायर स्ट्रिपर, चपट्या टोकाचा एक पेचकस, फुलीचे दोन (एक फिलिप्स, एक पॉझीड्राइव्ह), टेस्टर, हातोडी आणि मेझर टेप. असा संच माझ्या हिशेबाने दोन ते अडीच हजारांत बसतो. एकदम जमत नसेल तर पक्कड, पेचकस आणि टेस्टर आधी, बाकीचं पुढच्या महिन्यांत. सेट घेऊ नका, एकेक घ्या.

"चांगलं म्हणजे जर्मन" असं सांगणारेही भेटतात. जर्मन पक्कड अप्रतिम असते, वादच नाही. पण तिच्या किमतीत इथे अख्खी पिशवी भरते. टपारियाची पक्कड नाशिकच्या सातपूरमधल्या कंपनीची आहे, आणि देशभरातल्या वायरमनच्या खिशात ती दिसते. जेके ब्रँडच्या कानशी रत्नागिरीत बनतात. जालंधर-लुधियानाची हत्यारं जगभर निर्यात होतात. चांगलं आणि परवडणारं हत्यार आपल्याकडे बनतंच. मग स्वस्त-वाईट आणि महाग-परदेशी असे दोनच पर्याय का समोर ठेवले जातात?

"साइटवर चोरीला जातात, मग महाग कशाला?" हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उत्तर मोजकीच हत्यारं ठेवणं. दांड्यावर नाव कोरा, एकाच रंगाची टेप गुंडाळा, संध्याकाळी मोजून पिशवीत टाका. नऊ हत्यारं मोजता येतात, एकशे आठ नाही. आणि "आमच्या उस्तादाने एका पकडीवर वीस वर्षं काढली" असं म्हणणाऱ्यांनी ती पक्कड जरा हातात घेऊन बघावी. ती सेटमधली नसते.

पण मुळात हे पैसे त्या पोराने का घालायचे? मी नोकरीला लागलो तेव्हा कंपनीने पहिल्या दिवशी लॅपटॉप दिला. "आधी जुन्या मशीनवर हात बसव" असं कुणी म्हणालं नाही, तो लॅपटॉप पगारातून घे असंही नाही. माझ्याहून कमी पैशात, माझ्याहून जास्त धोक्याचं काम करणाऱ्याला मात्र हत्यारं आपापली. ज्याच्या कामाचं बिल कंत्राटदार ग्राहकाला लावतो, त्याला अडीच हजारांची हत्यारं द्यायला त्याचं दिवाळं निघत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, म्हणजे हत्यारासाठी पैसे द्यायला हवेत हे सरकारलाही पटलेलं आहे. पण ती अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. सुतार, लोहार, गवंडी त्यात आहेत. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, फिटर नाहीत. आयटीआयच्या प्रमाणपत्रासोबत हत्यारांचा एक संच किंवा त्याचं कूपन देणं हे अशक्य कोटीतलं काम नाही.

सरकार आणि कंत्राटदार ऐकतील तेव्हा ऐकतील. तोवर आपलं काय? खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल वाहतो, फोटो काढतो. इंजिनिअरिंगला गेलेल्या भाच्याला मामा लॅपटॉपसाठी हातभार लावतो. आयटीआयला गेलेल्या भाच्याला ५०१ रुपयांचं पाकीट आणि "काहीतरी करतोय ना, छान" एवढंच मिळतं. तुमच्या घरात, चाळीत, गावात यंदा कुणी कामाला लागलं असेल तर पाकीट देऊ नका, लिंकही पाठवू नका. त्याला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. काय लागतं ते त्यालाच विचारा, त्याच्या हाताने तपासू द्या, त्यालाच निवडू द्या. पैसे तुम्ही द्या आणि बिल त्याच्याकडे ठेवा, पक्कड महिन्याभरात बिघडली तर बदलून घ्यायला लागेल.