जाऊन ये!

परवा शनिवारी मी चक्क कुणाला तरी ‘भेटायला’ गेले. कॉफीला नाही, ब्रंचला नाही. भेटायला. काय घालायचं, काय बोलायचं आणि किती वेळ बसायचं हे जिथे कुणालाच कळत नाही, ती भेट. ऑफिसातल्या मैत्रिणीचे बाबा गेले. टीमच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या इमोजींची रांग लागली, त्यात माझेही दोन हात होते. खरं सांगू? माझ्यापुरतं काम तिथेच संपलं होतं. आईनं मात्र फोनवर सुनावलं, ‘‘मेसेजबिसेज ठीक आहे. जाऊन ये.’’

गेले. दाराबाहेर चपलांचा ढीग, हॉलमध्ये सतरंजी, फोटोपुढे दिवा. काकू सांगत होत्या. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, ‘छातीत जळजळतंय’ म्हणाले... सांगून होतंय तोवर नवी माणसं आली. काकूंनी पुन्हा चहापासून सुरुवात केली. तासाभरात मी ते तीनदा ऐकलं. पूर्वी मला याचा भारी वैताग यायचा. किती वेळा तेच तेच! पण तिसऱ्या वेळी काकू मध्येच हसल्या. डायबेटिस असून काकांनी त्या चहात चोरून साखर घातली होती म्हणे. पहिल्या वेळी ती साखर नव्हतीच.

आणि मला एकदम जाणवलं, माझ्या बाबांचं मी कुणालाच एकदाही सांगितलेलं नाही.

एप्रिल २०२१, पुणे, दुसरी लाट. बाबा हॉस्पिटलात. आई आणि मी पॉझिटिव्ह, कोथरूडच्या घरात कोंडलेल्या. रात्री अडीचला फोन आला. मृतदेहाला आंघोळ घालायची नाही, मिठी मारायची नाही, हा केंद्राचा नियम मार्च २०२० पासूनच होता. अंत्यविधीला फार तर २० माणसं. वीस कुठली? दादा एकटा होता, तोही लांब उभा. आम्ही दोघींनी मोबाइलवर पाहिलं. मध्येच स्क्रीन अडकली. पुन्हा चित्र आलं तेव्हा दाहिनीचं दार बंद झालं होतं.

अशा दिवशी घरात गॅस पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. आमच्याकडेही आला. पिशवी कडीला अडकवून, बेल वाजवून शेजारच्या काकू जिन्यात पळाल्या. त्यांचा तरी काय दोष? दहाव्याला दादानं त्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पिंड ठेवला, गुरुजी व्हिडिओ कॉलवर. कावळा लगेच शिवला. ‘त्यांची काही इच्छा राहिली नव्हती,’ असं सगळ्यांनी टाइप केलं. आमची राहिली होती, त्याचं काय?

अकराव्या दिवशी मी लॉगिन केलं. मॅनेजर भला होता, ‘हवा तेवढा वेळ घे’ म्हणाला. पण घेऊन करू काय? आईच्या डोळ्यांत बघण्यापेक्षा एक्सेल बरं वाटायचं. त्यानंतर कुणी विचारलंच तर ‘कोविडमध्ये गेले’ असं दोन शब्दांत उरकायचे. समोरचाही मान हलवून गप्प. त्या वर्षी कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी गेलं होतं. कुणी कुणाला विचारायचं?

ते तेरा दिवस मला कायम जुन्या लोकांचं प्रकरण वाटायचं. सुतक पाळायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण दार उघडं ठेवायचं, येईल त्याला पहिल्यापासून सांगायचं, आणि सांगता सांगता माणूस गेलंय हे स्वतःलाच पटवायचं, हे त्यातलं खरं काम होतं. आमचं तेच राहून गेलं.

निघताना काकूंनी माझा हात धरला. ‘‘तुझे बाबा कसे गेले गं?’’

मी परत बसले. ॲडमिट व्हायला निघताना त्यांनी टीव्हीच्या रिमोटचे सेल बदलायला सांगितले होते, तिथपासून सुरुवात केली. काकू फक्त ‘‘मग?’’ म्हणत होत्या.

रविवारी आईकडे गेले. म्हटलं, ‘‘त्या रात्रीचं सांग ना.’’

‘‘तुला माहितीये की सगळं.’’

‘‘तरी सांग.’’

तिनं गॅस बंद केला आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

तुमच्या शेजारच्या डेस्कवरही ‘कोविडमध्ये गेले’ म्हणून विषय बदलणारं कुणीतरी असेल. फार उशीर झाला, आता काय विचारायचं, असं वाटेल. विचारा. नंतर फक्त ‘मग?’ म्हणायचं. फोन मात्र सायलेंटवर टाका.