आकाशातील उघडे दार

खासगी विमानांसाठी सुरक्षेचे नियम कडक करण्याचा विषय निघाला की 'उद्योगाला खीळ बसेल' असा सूर उमटतो. हा सूर लावणाऱ्यांनी पुरुलियाचे स्मरण ठेवावे. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री एका खासगी अँतोनोव्ह विमानाने बंगालमधील त्या जिल्ह्यात शेकडो रायफली व लक्षावधी काडतुसे पॅराशूटने टाकली. ते विमान चोरवाटेने आले नव्हते. रीतसर परवानगी घेऊन, वाराणसीला उतरून पुढे गेले होते. काही दिवसांनी ते परतले, तेव्हा हवाई दलाने त्याला मुंबईत उतरण्यास भाग पाडले; तरीही किम डेव्ही विमानतळावरून निसटलाच!

कागद पाहिले गेले, माल पाहिला गेला नाही, हेच या प्रकरणाचे मर्म. दोन आसनांच्या प्रशिक्षण विमानावर मालवाहू विमानाचे सारे नियम लादावेत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु विमान कोणाचे, चालविणारे कोण आणि आत काय आहे, याची प्रत्यक्ष खातरजमा प्रत्येक धावपट्टीवर झालीच पाहिजे. तिकीट काढणारा सामान्य प्रवासी निमूटपणे झडती देतो. मग खासगी विमानाला वेगळा न्याय कशासाठी?